केरबाची मुदतवाढ

एका गावात एक भोळा बाप होता. गावाचं नाव चिंचखोडी, बापाचं नाव केरबा. भोळा म्हणजे किती? भोळेपणा मापून विकायचा असता तर केरबासाठी दुकानदाराला नवं माप घडवून घ्यावं लागलं असतं. लेकीच्या लग्नात बायकोनं त्याला एवढंच सांगितलं होतं, की पोटभर जेवल्याशिवाय एकाही पाहुण्याला पानावरनं उठू देऊ नका. पंगतीत एक पाहुणा उपासाचा निघाला. बिचारा नुसता सोबतीला बसला होता. केरबानं त्याला दिवस मावळेस्तोवर पानावर बसवून ठेवलं. पाहुण्याची शेवटची एसटी गेली, तेव्हा केरबा म्हणाला, "गेली तर जाऊ द्या. पोट भरलं का ते सांगा."

अशा माणसाला कुणी परदेशी पाठवतं का? पण वेळच तशी आली.

केरबाची लेक शेवंता नवऱ्यामागं एका बेटाच्या देशात गेली होती. नवरा उद्धव तिथल्या मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात होता. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. शेवंताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण डॉक्टरनं विमानात बसायला मना केलं. आई दोन वर्षांमागं वारलेली. माहेर म्हणून उरलं होतं ते एकटा केरबा.

शेवंता फोनवर रडली. "आबा, मला येता येत नाही. तुम्हीच या. माझं हितं कुणी न्हाई."

"रडू नको पोरी," केरबा म्हणाला. "तुला म्हायेरी येता येत न्हाई, तर मी म्हायेर घिऊन येतो."

फोन ठेवला आणि त्यानं जातं उचलायला घेतलं. शेजारणीनं बघितलं म्हणून बरं, नाहीतर चूलही उपटली असती.

शेजारणीनंच डिंकाचे लाडू वळून दिले आणि सगळं समजावून सांगितलं. बाळंतपण, मग बारावा दिवस, मग सव्वा महिना. म्हणजे दोन-अडीच महिने तरी लेकीजवळ राहायला हवं. मधेच निघून आलास तर ओल्या बाळंतिणीचं पाणी कोण तापवणार? केरबाला बाकी काही कळलं नाही, पण हे कळलं. लेकीला एकटं सोडायचं नाही.

तालुक्याला रंगराव नावाचा एजंट होता. पूर्वी बियाणं विकायचा. ते उगवायचं नाही, म्हणून आता व्हिसे काढून द्यायचा. धंद्याचं तत्त्व तेच राहिलं. गिऱ्हाइकानं पेरायचं आणि आभाळाकडं बघायचं.

"हे बघ केरबा," रंगरावनं टेबलावर हात पसरले. "व्हिसा तीन तऱ्हेचा. एक तीस दिवसांचा. एकदाच आत जायचं. बाहेर पडलास की संपला. दुसरा नव्वद दिवसांचा. त्याला पुरावे भक्कम लागतात. तिसरा वर्षभराचा, हव्या तितक्या खेपा आत-बाहेर. पण तो ज्यांच्या पासपोर्टावर आधीच शिक्के आहेत त्यांना मिळतो."

म्हणजे ज्यानं परदेश पाहिलाय त्यालाच परदेश पाहू द्यायचा. उधारी जशी ज्याला गरज नाही त्यालाच मिळते, तसं.

"मला मधला द्या," केरबा म्हणाला.

"मग पुरावा दाखव. तू तिकडं राहून जाणार नाहीस, परत येणार, हे सायबाला पटलं पाहिजे. इथं तुझा जीव कशात अडकलाय ते घेऊन जा आणि दाखव."

केरबाचा जीव म्हशीत अडकला होता. त्यानं टेम्पो केला, म्हैस चढवली आणि शहरातल्या व्हिसाच्या कचेरीत नेली. कचेरी गार, फरशी गुळगुळीत. म्हशीनं तिथं जे करायचं ते केलं.

साहेब खुर्चीवर उभा राहिला. "हे काय आहे?"

"माझा जीव," केरबा म्हणाला. "ही हितं आसंल तर मी येणारच की परत."

"अरे, कागद आण, कागद! खरी वस्तू इथं आणायची नसते. इथं सगळं कागदावर चालतं."

"आसं व्हय," केरबा म्हणाला आणि म्हैस परत घेऊन गेला. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. अडचण तीच होती.

आठ दिवसांनी कचेरीतनं निरोप आला. बोटांचे ठसे द्यायला हजर व्हा. केरबानं विचार केला. खरी वस्तू आणायची नाही, कागद आणायचा. त्यानं दहाही बोटं शाईत बुडवली, एका कोऱ्या कागदावर उठवली आणि कागद एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. आपण घरी म्हशीजवळ बसला.

कचेरीतनं फोन आला. साहेबाचा आवाज चिरकला होता. "तुम्ही कुठाय?"

"घरी. ठसं पोचलं न्हवं?"

"स्वतः यायचं असतं! आपल्या बदली दुसरं काही पाठवायचं नाही. देहानं हजर व्हायचं!"

केरबा देहानं हजर झाला. साहेबानं त्याच्याकडं बघितलं, म्हशीचे खुर उमटलेल्या फरशीकडं बघितलं आणि नव्वद दिवसांचा अर्ज बाजूला सारून तीस दिवसांचा व्हिसा दिला. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की माणूस पुन्हा येतो. साहेब अनुभवी होता.

"तीस तर तीस," रंगराव म्हणाला. "तिकडं गेल्यावर वाढवून घे. आधी आत जायचं, मग पाय पसरायचे. उंटानं तंबूत शिरायची हीच रीत आहे."

विमानतळावर सामान तपासायचं यंत्र होतं. लोक आपापली पिशवी पट्ट्यावर ठेवत होते आणि पिशवी एकटीच आत जात होती. केरबाला लोकांची कीव आली. आपल्या बदली दुसरं काही पाठवायचं नसतं, हे यांना कुणी सांगितलंच नाही. त्यानं लाडवांची पिशवी छातीशी धरली आणि पट्ट्यावर आडवा झाला.

आतल्या पडद्यावर आधी पायाची नडगी आली, मग बरगड्या आणि बरगड्यांवर एकेचाळीस लाडू.

"उतर! उतर!" शिपाई धावला. "अहो, सामान पट्ट्यावरनं जातं. माणसानं बाजूनं जायचं!"

"आसं व्हय," केरबा म्हणाला. तेही त्यानं मनात गाठ मारून ठेवलं.

विमान बेटावर उतरलं. त्या बेटावर तीन-चार पिढ्यांमागं आपल्याकडची माणसं मजुरीला गेली होती, ती तिथलीच झाली. त्यांच्या घरांत अजून मराठी चालते. पासपोर्ट तपासणारा अधिकारी त्यांतलाच. त्यानं केरबाला खूण केली, पुढं या. केरबानं लाडवांची पिशवी त्याच्यासमोर ठेवली आणि आपण बाजूनं निघून गेला. थेट बाहेरच्या दरवाजापर्यंत पोचला. चार जणांनी उचलून परत आणला.

"कुठं चाललात?"

"सामान हितनं, माणूस बाजूनं," केरबा म्हणाला. "तिकडं तसंच हाय."

अधिकाऱ्यानं डोक्याला हात लावला. "बाबा, शिक्का बसल्याशिवाय या देशात पाऊल पुढं टाकायचं नाही. समजलं? कशाला आलात?"

"फिरायला." हे उत्तर रंगरावनं पाठ करून घेतलं होतं.

"मग फिरा. फिरायच्या व्हिसावर काम करायचं नाही. केलं तर परत पाठवू. तीस दिवस." आणि त्यानं शिक्का मारला.

उद्धव घ्यायला आला होता. घराच्या दारात शेवंता उभी. पोट एवढं पुढं आलेलं की बापाच्या पाया पडता येईना. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "या आबा, आत या."

केरबा उंबऱ्याबाहेर थांबला. "शिक्का?"

"कसला शिक्का?"

"शिक्का बसल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई. सरकारी हुकूम हाय."

शेवंतानं बापाला वीस वर्षं ओळखलं होतं. तिनं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळावर दाबलं. "बसला. या आता."

केरबा आत आला. त्यानं लेकीकडं पोटभर बघितलं आणि मग फिरायला लागला. खोलीतनं स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातनं खोलीत.

"आबा, बसा की जरा."

"फिरायला आलोय न्हवं का मी?"

दुसऱ्या दिवशी शेवंता म्हणाली, "आबा, तेवढा पाण्याचा तांब्या द्या. मला वाकता येत नाही."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात पुढं आला नाही. "नको म्हणू पोरी. काम केलं की परत पाठवत्यात. मग तुझ्यापाशी कोण राहील?"

असे तीन दिवस गेले. लेक नवव्या महिन्यात भांडी घासतेय आणि माहेर तिच्याभोवती फिरतंय. चौथ्या दिवशी शेवंताचा संयम संपला. "आबा! जिथं जेवतो तिथं हात लावला तर त्याला काम म्हणत नाहीत! जगात कुठंच म्हणत नाहीत!"

"आसं व्हय!" केरबा खूश झाला. त्यानं पाणी भरलं, केर काढला, लेकीचे पाय चेपले. दहा दिवस घरात सोन्याचे गेले.

अकराव्या दिवशी उद्धवनं सासऱ्याला कौतुकानं आपल्या हॉटेलात नेलं आणि जेवू घातलं. केरबा जेवला, बाह्या सारल्या आणि भटारखान्यात शिरला. जिथं जेवतो तिथं हात लावायचा. एका तासात त्यानं तीनशे बश्या विसळल्या. मॅनेजरनं बघितलं. फिरायला आलेला म्हातारा हॉटेलात भांडी घासतोय, हे सरकारी माणसानं पाहिलं असतं तर केरबा विमानात, उद्धव रस्त्यावर आणि मॅनेजर कोर्टात. त्यानं दोघांनाही मागच्या दारानं बाहेर काढलं. जाताना हळूच एवढं विचारलं, की यांच्यासारखे अजून कुणी गावाकडं आहेत का.

रस्त्यानं उद्धव बोटांवर दिवस मोजत चालला होता. शेवटी म्हणाला, "आबा, हात जोडतो. तुमचे पंधरा दिवस राहिलेत. तेवढ्यात मुदत वाढवायला हवी. नाहीतर आज-उद्या बाळ झालं तरी बारशाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला निघावं लागेल."

"लेकीला सोडून मी जात न्हाई," केरबा म्हणाला. "कशी वाढवायची ते सांगा."

"आमच्या हॉटेलात येतात ते लोक एक युक्ती करतात. मुदत संपायच्या आत देशाबाहेर जातात आणि परत आत येतात. आत आलं की नवा शिक्का, नवे तीस दिवस. पण तुम्ही…"

उद्धवला पुढं सांगायचं होतं, की तुमचा व्हिसा एकदाच आत यायचा आहे, तुम्ही असलं काही करू नका. पण तेवढ्यात घर आलं, शेवंतानं हाक मारली आणि वाक्याचं शेपूट राहून गेलं. शहाण्या माणसाला अर्धं वाक्य पुरतं असं म्हणतात. भोळ्यालाही पुरतं. दोघांचं नुकसान सारखंच होतं.

सकाळी केरबा समुद्रावर गेला. बेटाचा देश. पाणी लागलं की देश संपला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्यानं धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात गेला, थोडा वेळ परदेशात उभा राहिला आणि परत आला. काठावर एक नारळपाणीवाला बसला होता, तोही मराठी घरातलाच. केरबानं त्याच्यापुढं पासपोर्ट धरला.

"मारा शिक्का."

"कसला शिक्का, काका?"

"परदेशी गेलो हुतो. आत्ताच परत आलो."

"कधी गेलता?"

"मगाशी."

नारळपाणीवाल्यानं त्याच्या ओल्या पायांकडं बघितलं. मग त्याला बसवलं, एक शहाळं फोडून दिलं आणि समजावलं. "काका, खरंच बाहेर गेला असतात तर परत येता आलं नसतं. इथं लिवलंय, एकदाच प्रवेश. शिक्का कचेरीत मिळतो. सरळ तिथं जा, खरं काय ते सांगा. खऱ्याला मरण नाही."

केरबा घाबरला. एवढ्या पाण्यात आपण लेकीला कायमचे मुकलो असतो! तो तसाच ओल्या धोतरानं कचेरीत गेला.

मुदतवाढीच्या खिडकीवर सगुणाबाई नावाच्या बाई होत्या. जाड चष्मा, कपाळावर टिकली, आणि आजीच्या वळणाची मराठी. त्यांनी विचारलं, "किती दिवस राहायचा विचार आहे?"

खरं काय ते सांगायचं होतं. केरबानं सांगितलं. "लेक मोकळी हुईस्तवर. मग सव्वा महिना. मग नातू रांगंस्तवर. मग तो 'आज्जा' म्हणंस्तवर. आन् एकदा आज्जा म्हणला की मग कसला निघतोय मी, बाई?"

सगुणाबाईंनी लेखणी खाली ठेवली. "आजोबा, हे मी ऐकलं नाही असं समजते. अर्ज अजून लिहिलेला नाही म्हणून वाचलात. या खिडकीवर कायमचं राहतो म्हणायचं नसतं. जो येतो तो परत जाणार. येतानाच त्याची जायची तारीख ठरलेली असते. ती सांगायची. डॉक्टरचा कागद घेऊन पुढच्या आठवड्यात या. आणि अजून एक, ज्या घरात उतरलात तिथं दुसरा नवा पाहुणा आला तर एका दिवसात इथं येऊन वर्दी द्यायची. नाही दिली तर घरमालकाला दंड."

"बरं झालं सांगितलं," केरबा म्हणाला.

दोन दिवसांनी शेवंताला कळा लागल्या. सकाळी साडेसहा वाजता सरकारी दवाखान्यात मुलगा झाला. टपोरा, काळ्याभोर जावळाचा. केरबा नातवाकडं बघत राहिला आणि दाईला म्हणाला, "आमच्या म्हशीचं रेडकू पण हुबेहूब आसंच हाय." यापेक्षा मोठी तारीफ त्याला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मायलेकरं घरी आली. उद्धव कामावर गेला. शेवंता थकून झोपली. केरबा पाळण्याशी बसला होता, आणि एकदम दचकला. घरात नवा पाहुणा आलाय! आजच एक दिवस भरतो! जावयाला दंड!

त्यानं बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि कचेरी गाठली. कचेरी उघडल्याबरोबर तो पहिला.

"वर्दी द्यायला आलोय," तो सगुणाबाईंना म्हणाला. "घरात नवा पाव्हणा आलाय."

त्यांनी मान वर न करता कागद पुढं ओढला. "नाव?"

"ठेवायचंय."

"पासपोर्ट?"

"अंगावर कपडा बी नव्हता, बाई."

"कोणत्या विमानानं आले?"

"विमानानं न्हाई."

"बोटीनं?"

"बोटीनं बी न्हाई. दाईनं वढून काडला."

सगुणाबाईंनी मान वर केली. केरबानं दुपटं खिडकीवर ठेवलं आणि घाईनं सांगून टाकलं, "काम काय बी करत न्हाई. दूध पितो आन् झोपतो. परत जायाची तारीख इचारली, पर सांगत न्हाई. येताना ठरलेली आसती म्हणालात, तर तुम्हीच बघा कुठं लिवलीय का."

त्यानं बाळाचे तळवे उलटेपालटे करून दाखवले.

सगुणाबाई चष्मा काढून हसल्या. शेजारच्या खिडक्यांवरचे हसले. रांगेतले लोक हसले, ज्यांना मराठी येत नव्हती तेही. मग त्यांनी डोळे पुसले आणि दुपट्याला अडकवलेली दवाखान्याची चिठ्ठी वाचली. "आजोबा, याला व्हिसा नको, तारीख नको. याचा कागद कसा लिहायचा बघा. जन्म कधी? काल सकाळी साडेसहा. कुठं? इथंच, सरकारी दवाखान्यात. आई? शेवंता. झालं. असं लिहिलं की त्याला मुदत नाही. कुणी परत पाठवत नाही. आता याला घरी पोचवा आणि तुमचा स्वतःचा अर्ज आणून त्या पेटीत टाका. तुमच्याकडं दिवस फार नाहीत."

"आसं लिवलं की मुदत न्हाई?"

"मुदत नाही."

बाहेर एक अर्ज लिहून देणारा म्हातारा बसायचा. सांगाल ते लिहायचा. विचार करून लिहायचं असेल तर तसं आधी सांगावं लागे, आणि केरबानं सांगितलं नाही.

"नाव?"

"केरबा."

"जन्म?"

"काल सकाळी साडेसहा."

"कुठं?"

"हितंच, सरकारी दवाखान्यात."

"आई?"

"शेवंता."

म्हाताऱ्यानं फुंकर मारून शाई वाळवली. केरबानं अर्ज पेटीत टाकला आणि बाळाला घेऊन घरी आला. घरी शेवंता रिकाम्या पाळण्याला धरून हंबरडा फोडत होती आणि निम्मी गल्ली गोळा झाली होती. केरबानं बाळ तिच्या कुशीत ठेवलं. "रडतीस कशाला? सरकारी वर्दी दिऊन आलोय. दंड वाचीवला."

त्यावर शेवंता काय बोलली ते लहान मुलांसमोर सांगण्याजोगं नाही.

पाचव्या दिवशी अर्ज मंजूर होऊन आला. आत संगणक होता, त्याला हसू येत नाही. बाहेर शिक्का मारायला एक नवा कारकून होता. वाचायचं काम आतल्याचं, शिक्क्याचं काम बाहेरच्याचं, अशी तिथं कामाची चोख वाटणी होती. म्हणून वाचायचं राहून गेलं. कारकुनानं शिक्का मारला आणि दरडावलं, "यात लिहिलंय तसंच राहायचं. घरी तपासायला माणूस येतो. कागद एक आणि माणूस दुसरा निघाला तर घरातल्या सगळ्यांवर खटला. प्रत्येक कागदाला माणूस हवा, प्रत्येक माणसाला कागद."

उद्धवनं कागद बघितला. वरच 'मंजूर' असं होतं. मंजूर हा शब्द वाचल्यावर खालचं वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यानं घरी पेढे आणले. शेवंता पहिल्यांदाच सुखानं झोपली. आबा राहणार होते. सव्वा महिना, दोन महिने, पाहिजे तितकं.

केरबानं मात्र खालचंही वाचून घेतलं होतं, त्या अर्जवाल्या म्हाताऱ्याकडनं. अर्जदार, केरबा. वय, पाच दिवस. मुदत नाही. अट, अर्जदारानं आईजवळ राहावं. आणि पासपोर्टातला जुना शिक्काही तसाच होता. एक आजोबा, तीस दिवस. केरबानं दोन्ही कागद उशाशी ठेवले आणि फार विचार केला. इथंच घात झाला.

बाराव्या दिवशी बारसं. शेजारच्या चार मराठी बायका आल्या. वेताचा मजबूत पाळणा छताला टांगला होता, त्याला झेंडूची माळ होती. घुगऱ्या शिजल्या. बायका शेवंताची ओटी भरायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि दार वाजलं. उद्धवनं उघडलं. दारात तपासणीचा इन्स्पेक्टर. त्याच्या हातात दोन कागदांच्या नकला.

"अर्जदार केरबा कुठं आहे?"

"हितं," पाळण्यातनं आवाज आला.

बायका ओटीचे तांदूळ मुठीत घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. पाळण्यात केरबा होता. अंगानं चिपाड म्हणून मावला होता. गुडघे हनुवटीला, डोक्यावर कुंची, गालाला तीट.

इन्स्पेक्टरनं कागद बघितला. पाळणा बघितला. पुन्हा कागद बघितला.

"वय?"

"आज बारावा दिवस."

"आई?"

"ती काय, दारात."

शेवंताच्या ओटीतले तांदूळ खाली सांडले. इन्स्पेक्टरनं कागदावर खूण केली. नाव जुळतं, वय जुळतं, आईजवळ आहे. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कागदावर कधी अविश्वास दाखवला नव्हता, आणि म्हणूनच बढती मिळाली होती.

"ठीक. आता दुसरा कागद," तो म्हणाला. "या घरात एक आजोबा उतरलेत. फिरायला आलेले, तीस दिवस. त्यांची मुदत उद्या संपते. ते कुठायत?"

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. केरबानं पाळण्यातनं हात बाहेर काढला आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडं बोट केलं. खुर्चीत बाळ होतं. डोक्यावर केरबाचा पटका, मांडीवर केरबाचा पासपोर्ट, पायाशी बांधून ठेवलेली पिशवी.

"ते काय," केरबा म्हणाला. "उद्या निघत्यात."

इन्स्पेक्टर खुर्चीपाशी गेला, वाकला आणि आदरानं नमस्कार केला. बाळानं जांभई दिली. इन्स्पेक्टरनं ते लिहून घेतलं. मग त्यानं पाळण्याकडं मान वळवली.

"परतीचं तिकीट काढलंय ना त्यांचं?"

"काढलंय की," केरबा म्हणाला. "खिडकीजवळचं."